बाळ दूध ओढेना तेव्हा: पहिल्या २८ दिवसांत घरी काय पाहायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

पहिल्या महिन्यातलं बाळ आजारी पडलं तर मोठ्या मुलासारखं काही सांगत नाही. ताप चढेलच असं नाही, खोकला येईलच असं नाही, रडून घर डोक्यावर घेईल असंही नाही. बहुतेक वेळा ते गप्प पडतं. दूध कमी ओढतं, अंग गार पडतं, झोप वाढते. आणि घरात नेमकं ह्याचंच कौतुक होतं. नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काम करताना हे वाक्य मी कितीतरी आज्यांच्या तोंडून ऐकलंय: "लय गुणी हाय बघा आमचं बाळ, रात्रभर उठलं न्हाई." आजी प्रेमानं बोलत असते. पण अंगावर पिणारं आठवड्याचं बाळ रात्रभर उठलं नाही, तर आम्ही पहिल्यांदा त्याचीच चौकशी करतो.

कोल्हापुरात किंवा जिल्ह्यात ज्यांच्या घरी नुकतं बाळ आलंय किंवा यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डॉक्टरांच्या जागी हा लेख नाही. बाळाकडे रोज कसं बघायचं, कशाला घाबरायचं नाही आणि कशासाठी रात्री दोन वाजता सुद्धा गाडी काढायची, एवढं ह्यातून नक्की कळेल.

दवाखान्यातून घरी निघण्याआधी

बाळंतपण नॉर्मल झालं तरी ४८ तास तरी दवाखान्यात राहा. दुसऱ्या दिवशी सकाळीच "सगळं चांगलं आहे, घरी जातो" म्हणून मागं लागू नका. कावीळ, हृदयाचे काही दोष, दूध नीट न ओढणं, ह्या गोष्टी पहिल्या दोन-तीन दिवसांतच उघड होतात. त्या वेळी बाळ डॉक्टरांच्या नजरेसमोर असलेलं बरं.

निघताना कार्डावर काही गोष्टी लिहून मागा. जन्माचं वजन आणि निघतानाचं वजन, दोन्ही. आईचा आणि बाळाचा रक्तगट. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी ही लस दिली का. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस २४ तासांच्या आत द्यायचा असतो. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन राहिलं असेल तर तिथंच आठवण करून द्या. ते न मिळालेल्या बाळाला नाळेतून, नाकातून, शीतून, क्वचित मेंदूत सुद्धा रक्तस्राव होऊ शकतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. पुढच्या बाळाची कावीळ आणि रक्तक्षय त्यानं टळतो.

बाळाला शी आणि लघवी झाली का तेही विचारून घ्या. पहिली काळी, चिकट शी साधारण २४ तासांत व्हायला हवी, लघवी ४८ तासांच्या आत. दोन्हींपैकी एक जरी झाली नसेल तर घरी जायचा विषय काढू नका. थायरॉइडची रक्ततपासणी आणि कानांची तपासणी होत असेल तर करूनच निघा. जन्मजात थायरॉइड कमी असलेलं बाळ दिसायला अगदी धडधाकट असतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर त्याची बुद्धी शाबूत राहते.

घरी आल्यावर आशाताई येतील. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी यायचं असतं. वजन, तापमान, श्वास, नाळ हे सगळं त्या बघतात. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातून आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढं देशभर आशांना हेच काम दिलं गेलं. म्हणून आशाताई दारात आल्या की "बाळ झोपलंय, नंतर या" म्हणू नका. झोपलेल्या बाळाचा श्वास मोजायला तर उलट सोपं जातं.

रोज चार गोष्टी: दूध, ऊब, श्वास, रंग

सकाळी अंघोळीआधी, उजेडात, बाळाचं झबलं वर करून पाच मिनिटं बघायची सवय लावा. आईनंच बघायला पाहिजे असं नाही. बाबा, आजी, आत्या, कुणीही बघू शकतं. फक्त रोज एकाच माणसानं बघावं, म्हणजे कालच्यापेक्षा आज काय बदललं ते ध्यानात येतं.

दूध सगळ्यात आधी, कारण जवळजवळ प्रत्येक गंभीर आजाराची पहिली खूण इथं दिसते. बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा प्यायला हवं. पहिल्या आठवड्यात तीन तासांच्या वर झोपलं तर उठवून पाजा. बाळ स्तन कसा धरतं ते बघा: तोंड मोठं उघडलेलं, नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी आईच्या अंगाला टेकलेली. नीट ओढत असेल तर आधी भराभर चोखतं, मग सावकाश चोखणं आणि घोट गिळल्याचा बारीक आवाज येतो. आईला बोंड दुखत असेल, चिरा पडत असतील, तर बहुतेक वेळा धरणं चुकलेलं असतं. दूध 'कमी' नसतं.

दूध पुरतंय का, हे लंगोटावरून कळतं. पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली, शी काळ्याची हिरवी आणि मग पिवळी झाली, तर पुरतंय. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी गुलाबी डाग दिसला तर घाबरू नका, तो लघवीतला क्षार असतो. पाचव्या दिवसानंतरही तो दिसत राहिला तर मात्र दूध कमी पडतंय. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. जन्माच्या वजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत चालतं, १० टक्क्यांच्या पुढं गेलं तर दाखवायचं. म्हणजे ३ किलोचं बाळ २ किलो ७०० ग्रॅमच्या खाली जाता कामा नये. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि तिथून रोज २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं.

आता खरी धोक्याची गोष्ट. काल दणकून पिणारं बाळ आज दोन घोट घेऊन सोडतंय, उठवलं तरी डोळे उघडत नाही, तळपाय चोळला, टिचकी मारली तरी रडत नाही. हे गुणीपण नाही. जंतुसंसर्ग असेल, साखर उतरली असेल, कावीळ वाढली असेल, हृदयाचं काही असेल. कारण शोधणं तुमचं काम नाही. लागोपाठ दोन वेळा बाळ प्यायलं नाही तर तिसऱ्या वेळेची वाट बघू नका.

ऊब बघायला थर्मामीटर असलाच पाहिजे असं नाही. हाताच्या मागच्या बाजूनं आधी बाळाचं पोट बघा, मग तळपाय. दोन्ही कोमट तर बाळ ठीक. पोट कोमट आणि तळपाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजतेय. लगेच आईच्या छातीशी उघडं धरा, वर पांघरूण घ्या, टोपी घाला, दूध पाजा. पोटही गार लागलं तर दवाखाना. डिजिटल थर्मामीटर असेल तर काखेत लावा: ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस बरोबर. ३६.५ च्या खाली आलं आणि ऊब देऊन तासाभरात चढलं नाही तर दाखवा. ३७.५ च्या वर गेलं तर आधी बाळावर किती कपडे आहेत ते बघा. एप्रिल-मेच्या उकाड्यात स्वेटर, टोपी, मोजे आणि वर दुपटं घातलेली बाळं आमच्याकडे 'तापानं' फणफणून येतात. एक थर काढा, पाजा, अर्ध्या तासानं परत मोजा. तरी उतरलं नाही किंवा ३८ झालं तर त्याच दिवशी, त्याच वेळी डॉक्टर. मोठ्या मुलाची तापाची बाटली काढून त्यातले थेंब देऊ नका. ताप दबतो, आजार आत वाढत राहतो.

श्वास मोजायला मोबाइलचं टायमर लावा. बाळ शांत किंवा झोपलेलं असावं. झबलं वर करून पोटाकडे बघा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, कारण ह्या वयात श्वास लयीत चालत नाही. थोडा भराभर, मग पाच-सात सेकंद थांबलेला, मग परत सुरू, असं होतं आणि ते चालतं. मिनिटाला ३० च्या वर आणि ६० च्या आत श्वास बरोबर. ६० किंवा जास्त आले तर थोड्या वेळानं परत मोजा. पुन्हा तेवढेच आले, किंवा छातीचा खालचा भाग श्वास घेताना आत ओढला जातोय, नाकपुड्या फुलतायत, कण्हल्यासारखा आवाज येतोय, तर निघा. श्वास २० सेकंद थांबला किंवा थांबताना बाळ निळं पडलं, तर ती तातडीची वेळ. गावाकडे अजून "पोट उडतंय" म्हणून बिब्बा घालतात किंवा पोटावर चटके देतात. पोट उडतंय म्हणजे फुप्फुसात बिघाड आहे. चटक्यानं तो सुधारत नाही, वर जखमेतून जंतू शिरतात.

रंगात ओठ आणि जीभ बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत हातपाय थोडे निळसर दिसले तर चालतं. जीभ निळी दिसणं कधीच चालत नाही. पिताना घाम येतो, दम लागतो, मध्ये मध्ये सोडून देतं, अशा बाळाचं हृदय तपासून घ्या. आणि पिवळा रंग, त्याच्यावर सविस्तरच बोलायला हवं.

कावीळ: कुठली साधी, कुठली घातक

निम्म्याहून जास्त बाळांना थोडीफार कावीळ होतेच. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. जन्मानंतर त्या फुटतात, त्यातून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो आणि कोवळ्या यकृताला तो लगेच बाहेर टाकता येत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पिवळा दिसायला लागतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतो आणि दोन आठवड्यांत उतरतो. बाळ दणकून पीत असेल, लघवी-शी होत असेल, तर ह्या काविळीला फक्त आईचं दूध पुष्कळ. दूध वारंवार पाजलं की शी होते आणि शीतून बिलिरुबिन बाहेर जातं. वरचं पाणी किंवा ग्लुकोजचं पाणी देऊन काही होत नाही, उलट दूध कमी पडतं.

बघायची पद्धत अशी: दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ घ्या, ट्यूबलाइटमध्ये नको. कपाळ, छाती, मांडी, नडगी असं वरून खाली बोटानं हलकं दाबून सोडा आणि दाबलेल्या जागेचा रंग बघा. कावीळ डोक्याकडून पायाकडे उतरत जाते. जितकी खाली, तितकी जास्त, हा ढोबळ अंदाज. सावळ्या बाळात डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्याही बघा. नजरेचा अंदाज चुकतो, म्हणून शंका असेल तर रक्ततपासणीच खरी.

पुढच्या गोष्टींत थांबायचं नाही. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, कितीही फिकी असली तरी. तळहात-तळपाय पिवळे. बाळ सुस्त, पिईना, किंवा अंग कमानीसारखं मागं ताणून किंचाळल्यासारखं रडतंय. नऊ महिने भरायच्या आधी झालेलं बाळ. आईचा रक्तगट ओ किंवा निगेटिव्ह. आधीच्या बाळाला कावीळ होऊन प्रकाशाखाली ठेवावं लागलं होतं. बिलिरुबिन फार वाढलं की ते मेंदूत शिरतं, आणि तिथं झालेलं नुकसान परत भरून येत नाही: बहिरेपण, हातपाय ताठ होणं, आयुष्यभराचं अपंगत्व. वेळेत निळ्या प्रकाशाखाली ठेवलं तर हे सगळं टळतं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट आणि मध्ये मध्ये दूध, एवढाच तो उपचार. फार वाढली तर रक्त बदलावं लागतं.

कोवळ्या उन्हात धरायचा सल्ला घरोघरी मिळतो. उन्हात तेवढा उपयोगी प्रकाश ठरावीक मात्रेत मिळत नाही, बाळ एक तर गारठतं नाही तर भाजतं, आणि आम्हाला सगळ्यात जास्त डाचतं ते हे, की "चार दिवस ऊन दाखवू" म्हणता म्हणता दवाखान्यात यायचे चार दिवस जातात. काविळीची माळ घालायची असेल तर घाला, पण रक्त तपासून आल्यावर.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. बाळासाठी ट्रंकेतनं जुन्या मऊ साडीची दुपटी, मोठ्या भावाची झबली, आजीची गोधडी काढतात. त्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतात. काही बाळांत, जास्त करून मुलग्यांत, जी६पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतः कमी असतं, आणि घरात कुणाला त्याची कल्पना नसते. अशा बाळाला डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेल्या कपड्यात गुंडाळलं की तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि कावीळ झपाट्यानं चढते. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच कपडे बाहेर काढा, दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा आणि परत गोळ्यांच्या ट्रंकेत टाकू नका. नुसतं उन्हात टाकून वास गेला असं वाटलं तरी धुतल्याशिवाय वापरू नका.

दोन आठवडे उलटून गेले तरी डोळे पिवळे राहिले तर शीचा रंग बघा. शी खडूसारखी पांढरट किंवा राखेच्या रंगाची, आणि लघवीनं लंगोट पिवळा होतोय (ह्या वयाची लघवी पाण्यासारखी असते), तर पित्ताची नळी बंद असू शकते. त्यावर ऑपरेशन आहे, पण ते साठ दिवसांच्या आत झालं तर यश जास्त. असं लंगोट धुऊ नका, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या.

न्हाऊमाखू, शेगडी, गुटी

ह्यातल्या बऱ्याच रीती मायेच्या आहेत आणि बाळाला हलक्या हातानं तेल चोळण्यात काही वाईट नाही. पण न्हाऊ घालणाऱ्या मावशींचं सगळंच चालू द्यायचं नाही.

पहिली अंघोळ २४ तासांच्या आत नको. वजन २ किलोच्या आसपास असेल तर ते वाढेपर्यंत नुसतं कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडानं पुसा. पाण्यात तुमचं कोपर बुडवून बघा, कोमट लागलं पाहिजे. मावशी पायांवर बाळ पालथं घालून कढत पाण्याचे तांबे ओततात, टाळूवर तेलाची धार धरतात, नाकात फुंकर मारतात, कानात-नाकात तेल सोडतात, छाती दाबून 'दूध' काढतात, डोकं गोल व्हावं म्हणून दाबतात. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. छाती दाबल्यानं तिथं पू होतो. जन्माच्या वेळी डोक्यावर आलेली सूज आपोआप ओसरते, चोळायची नाही. मावशींना नीट शब्दांत सांगा: "मावशी, अंगाला तेल लावा, पण नाकाकानात नको आणि छातीला हात लावू नका." बहुतेक मावशा ऐकतात. वाद होतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांशी, आणि तिथं सुनेला एकटीला बोलायला लावू नका. मुलानं, म्हणजे बाळाच्या बापानं, पुढं व्हावं.

अंघोळीनंतरची धुरी बंदच करा. ओवा, ऊद, वेखंड काहीही असो, धूर तो धूर. पावसाळ्यात आपल्याकडे लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत, गगनबावडा-राधानगरीकडे तर चार दिवस वाळत नाहीत, मग शेगडीवर टोपलं पालथं घालून त्यावर कपडे सुकवतात आणि त्याच बंद खोलीत बाळ-बाळंतीण निजतात. कोळशाच्या शेगडीनं बंद खोलीत विषारी वायू साचतो. कपडे दुसऱ्या खोलीत सुकवा आणि वापरण्याआधी इस्त्री फिरवा. दमट लंगोटानं जांघेत लाल चट्टे उठतात ते वेगळंच.

नाळेला काहीच लावू नका. हळद, तूप, राख, पावडर, काही नाही. लंगोट नाळेच्या खाली बांधा, नाळ उघडी आणि कोरडी ठेवा. पाच ते पंधरा दिवसांत ती पडते. पडताना रक्ताचा एखादा थेंब येतो. नाळेभोवतीची कातडी लाल, सुजलेली, पू किंवा घाण वास येत असेल तर त्याच दिवशी दाखवा. तिथले जंतू थेट रक्तात जातात. रडताना बेंबी फुगत असेल तर त्यावर नाणं बांधू नका, बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसते.

मध, सोनं उगाळून चाटवणं, गुटी, साखरेचं पाणी, ग्राइपवॉटर, सगळं बाजूला ठेवा. मधात क्वचित असे जिवाणू असतात की त्यांच्या विषानं बाळाचे स्नायू लुळे पडतात. वर्षाच्या आत मध नकोच. सहाणेवर उगाळलेल्या मात्रेत किती वळसे आणि किती औषध गेलं, हे मोजता येत नाही. काजळही नको. डोळ्यांतून नुसतं पाणी येत असेल तर नाकाजवळची अश्रूंची नळी अरुंद असते, डॉक्टर बोटानं हलकं मालिश करायला शिकवतात. पापण्या सुजून पू येत असेल तर थांबू नका.

ज्यानं घाबरायचं नाही

उचक्या, शिंका, झोपेत दचकणं. अंगावर तिसऱ्या दिवशी उठणारे लाल पुरळ ज्यांच्या मधोमध पिवळसर ठिपका असतो. नाकावर पांढरे बारीक दाणे. पाठीवर, ढुंगणावर निळसर डाग. टाळ्यावर किंवा हिरडीवर मोत्यासारखे पांढरे दाणे. मुलगा असो की मुलगी, छाती सुजणं. मुलीला पहिल्या आठवड्यात अंगावरून किंचित रक्त जाणं. कातडी सोलवटणं. प्यायल्यावर ओठांच्या कडेनं थोडं दूध येणं. दर पाजण्यागणिक होणारी पिवळी पातळ शी, वजन वाढत असेल तर. हे सगळं आपोआप जातं.

संध्याकाळी रडणं वेगळं. दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास टिपेला पोचतं, तीन-चार महिन्यांत थांबतं. बाळ पाय पोटाशी घेऊन लालबुंद होऊन रडतं, पण मध्ये दूध पितं, वजन वाढतं. खांद्यावर घेऊन फिरवा, ढेकर काढा. दृष्ट काढून मनाला बरं वाटत असेल तर काढा. बाळाला गदागदा हलवायचं मात्र कधीच नाही, मेंदूत रक्तस्राव होतो.

जिभेवरचा पांढरा थर पुसून निघाला तर दूध, निघाला नाही आणि गालांच्या आतही असेल तर बुरशी. त्याला औषध लागतं, मध-हळद नाही.

कपाटाच्या दारावर चिकटवायची यादी

ह्यातलं एक जरी दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघू नका:

– दूध ओढणं थांबलं किंवा एकदम कमी झालं
– उठवूनही उठत नाही, अंग सैल पडलंय
– पोटही गार लागतंय, किंवा ताप ३८ किंवा जास्त
– श्वास ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, कण्हतंय
– ओठ-जीभ निळी
– पहिल्याच दिवशी कावीळ, किंवा तळहात-तळपाय पिवळे
– झटका: हातपाय झटकणं, नजर एकीकडे खिळणं, सायकल चालवल्यासारखे पाय, सारखं चावल्यासारखं तोंड
– हिरवी उलटी, पोट फुगून टणक
– नाळेतून, शीतून, उलटीतून रक्त
– टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली
– अंगावर पुवाच्या पुळ्या

थरथर आणि झटका ह्यांतला फरक असा: थरथरणारा हात तुमच्या हातात हलकेच धरला की थरथर थांबते, झटका थांबत नाही. झटका आला तर बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, डॉक्टरांना त्यावरून फार मदत होते.

हिरव्या उलटीबद्दल एक वाक्य जास्त लिहिते. नवजात बाळाची गवतासारखी हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, आणि तिथं तासांचा हिशोब असतो.

गाडी काढताना

१०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात जायला-यायला १०२ ची गाडी आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. त्याखाली सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि वाहतूक मोफत आहे. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

वाटेत बाळाला दुपट्यात गुंडाळून मावशीच्या मांडीवर देऊ नका. आईच्या उघड्या छातीशी उभं धरा, टोपी घाला, वरून शाल घ्या. बाळ चोखत असेल तर पाजत न्या. आईला आलंच पाहिजे, दूध तिच्याकडे आहे. कार्ड, आईचे कागद, दोन लंगोट, एवढंच घ्या.

कुठं जायचं हे बाळ आजारी पडल्यावर ठरवायचं नसतं, सातव्या महिन्यात ठरवायचं. कोल्हापूर शहरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय), इचलकरंजीला इंदिरा गांधी रुग्णालय, गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय. चंदगडच्या टोकाहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या घरात पडतं आणि बेळगाव त्या मानानं जवळ, तर तो विचार आधीच करून ठेवा. आपल्या जवळच्या दवाखान्यात नवजात बाळांचा वेगळा विभाग आहे का, रात्री बालरोगतज्ज्ञ असतात का, हे आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारून नंबर लिहून ठेवा.

जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर पावसाचाही हिशोब धरा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेनं शिरोळ-करवीरची गावंच्या गावं तोडली होती. बंधारे पाण्याखाली गेले की वीस मिनिटांचा रस्ता बंदच होतो. अशा गावातल्या पोटुशीनं तारखेच्या पंधरा दिवस आधी दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे यावं आणि बाळ महिन्याचं होईपर्यंत पाण्याचा अंदाज घेऊनच परतावं.

बाळाला काचेत ठेवलं तर

"काचेत ठेवलंय" हे शब्द ऐकून घरचे हबकतात. त्या पेटीत किंवा वॉर्मरखाली मुख्य काम ऊब देण्याचं असतं. सोबत सलाइनमधून साखर, अँटिबायोटिक, लागला तर ऑक्सिजन. आई बाहेर बसून रडत राहते आणि तिचं दूध आटतं, हे मात्र टाळता येतं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, हातानं दूध काढा. स्वच्छ वाटीत काढलेलं दूध नळीनं किंवा चमच्यानं बाळाला देता येतं. पहिल्या दिवसातला चीक तर चमचाभर मिळाला तरी सोडू नका.

वजन २.५ किलोपेक्षा कमी असेल तर बाळ स्थिर झाल्यावर कांगारू पद्धत शिकून घ्या. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये पेट्या पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी बाळांना आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली, तिथून ही आली. बाळ फक्त लंगोट आणि टोपीवर, आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, डोकं एका बाजूला वळलेलं, वरून कापड बांधलेलं. दिवसातले जितके जास्त तास जमेल तितकं चांगलं, आठ तासांच्या वर तरी जावं. आई दमली तर बाबांनी शर्ट काढून घ्यायचं. आपल्याकडे पुरुष सुरुवातीला लाजतात, एकदा बाळ छातीवर झोपलं की स्वतःहून मागायला येतात.

सुट्टी झाल्यावर एक तपासणी लोक हमखास विसरतात आणि ती विसरली तर बाळाची दृष्टी जाऊ शकते. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तिसाव्या दिवसाच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघायलाच हवा. फारच लहान बाळाचा दोन-तीन आठवड्यांतच. बाळ छान बघतंय, हसतंय असं वाटलं तरी. ती तारीख कार्डावर लाल पेनानं लिहून घ्या, आणि सहाव्या आठवड्याच्या लसीकरणाची तारीख तिच्या खालीच लिहा.